तक्रार नाही ना?

"पोरीला पाजून येते," एवढंच मी म्हणाले. दिवाणजीनं मूठभर कोंडा उचलला आणि माझ्या उघड्या तोंडात मारला.

"फार चालतं तोंड तुझं."

तो हसला म्हणून बाकीचेही हसले. मी थुंकले. पुन्हा सूप हातात घेतलं. बाहेर गोणपाटावर पोर रडून रडून गप्प झाली होती. दूध लुगड्यात झिरपत होतं.

रेवदंड्याच्या खाडीकाठची ती भाताची गिरणी. मालक शेठ, पण राज्य दिवाणजीचं. सरकारनं कायदा केलाय, दुपारी गिरणी थांबवून विसावा द्यायचा, गिरण्या तपासणारा सरकारी गोरा साहेब स्वतः येऊन कामगारांना विचारणार, असं कानावर आलं. मला केवढा धीर आला! मी साहेबाची वाट बघत राहिले.

साहेब आला. त्या दिवशी तेवढी गिरणी दुपारी थांबली. साहेबाला मराठी येत नव्हतं, म्हणून दुभाषा झाला दिवाणजीच. त्यानं मला पुढे ढकललं.

"तुझी काही तक्रार नाही ना?"

"व्हय," मी म्हणाले. आहे, म्हणून. पुढचं सांगणार, तोवर तो साहेबाकडे वळला होता. 'नाही ना'ला 'व्हय'. म्हणजे तक्रार नाही, असंच त्यानं साहेबाला सांगितलं. साहेबानं मान हलवली आणि मोटारीत बसला.

मोटार गेली. दिवाणजीनं सगळ्यांसमोर माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "शहाणी झालीस गं."

कोंड्यापेक्षा तो खडा जास्त झोंबला. शेजारी पाखडणारी राघी दूर सरकली.

"इकलंस आमाला," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. खडा दिवाणजीच्या पायाशी फेकला. "माजी तक्रार हाय! दुपारची सुट्टी न्हाय. पोरीला पाजाया सोडत न्हाईस. बोललं तर तोंडात कोंडा भरतोस." जन्मात पहिल्यांदा मी त्याला अरे-तुरे केलं.

"उद्यापासून येऊ नकोस."

काम गेलं. घरात चूल पेटेना. एका संध्याकाळी राघी चार बायका घेऊन दारात आली. "चुकलं माजं," ती म्हणाली. मग मी माझा बेत त्यांना सांगितला.

कायदा आमच्यासाठी, आणि त्यात आमच्या वतीनं बोलणार कोण? ज्याच्याविरुद्ध बोलायचं तोच! हे मी चालू देणार नाही. साहेब पुन्हा येईल तेव्हा आम्ही फाटकात आडव्या बसणार. दुभाषा आमचा असेल. दिवाणजी शेजारी उभा असेल तर एकही बाई उत्तर देणार नाही. आणि तो तिथून हटेपर्यंत साहेबाची मोटार हलणार नाही.