सगळ्यांचा फोल्डर

दिवाकर गेल्याचा फोन आला, तेव्हा रडू यायच्या आधी मला साहेब आठवले. आता हा माणूस शोकसभेत भाषण ठोकणार... खोटं कशाला लिहू, पहिला विचार हाच आला. त्याला आता दीड महिना झाला.

दिवाकर वर्ध्याजवळच्या आंजी गावचा, शाळेत मराठी शिकवायचा. दोन हजार सालानंतर आम्ही वर्ध्यातले काही जण फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं मराठीत आणायच्या मागे लागलो होतो. वाक्यं दिवाकरची. ती प्रोग्रामसोबत बांधून इन्स्टॉल करता येईल असं पॅकेज करायचं काम माझं आणि आमचे म्होरके असलेल्या साहेबांचं. दिवाकर प्रत्येक वाक्य आधी आईला वाचून दाखवायचा. "आई, 'फाइल सापडली नाही' म्हटलं त समजते का तुले?" आई भाजी निवडता निवडता म्हणायची, "समजते. पण नाई सापडली त मंग मानसानं काय करावं, थे बी सांग ना!" की हा पुन्हा लिहायला बसायचा.

सगळ्या प्रोग्रामांचं मराठी एकाच सामायिक फोल्डरात राहायचं. तो सगळ्यांचा, म्हणून कॉम्प्युटरवरून काढून टाकताना प्रत्येक पॅकेजनं फक्त आपल्या फायली पुसायच्या. साहेबांनी मात्र आपल्या कॅलेंडरच्या पॅकेजमध्ये, ते काढताना अख्खा फोल्डरच पुसायची ओळ लिहून ठेवली होती. भरल्या सभागृहात प्रात्यक्षिक दाखवताना नवं कॅलेंडर टाकायला त्यांनी जुनं काढलं आणि मग जो प्रोग्राम उघडावा तो इंग्रजीत! साहेब माइकवर म्हणाले, "मास्तरांच्या फायलींत गडबड आहे." लोक हसले. दिवाकर घाम पुसत उभा राहिला. पुढे अनुवादकांच्या यादीतून त्याचं नाव गेलं आणि तीन वर्षांचं काम साहेबांच्या नावावर चढलं.

ती ओळ मला त्याच संध्याकाळी सापडली होती. मी दिवाकरला दाखवली, तर म्हणाला, "जाऊ दे ना बाप्पा. काऊन भांडतं?" मी जाऊ दिलं, कारण पुढची कामं मला साहेबच देणार होते. माझी लाज ही अशी आहे.

शोकसभेत साहेब म्हणाले, "दिवाकर मला धाकट्या भावासारखा..." मी उठलो. छापून आणलेली ती ओळ, खाली लिहिणाऱ्याच्या नावासकट, मोठ्यानं वाचली आणि तिनं काय केलं तेही सांगितलं.

"अहो, ही काय वेळ आहे?" साहेब म्हणाले.

"वेळ तेव्हाच होती," मी म्हटलं. "चुकलं माझं."

साहेबांची मान खाली गेली. मला बरं वाटलं. अजूनही वाटतं. मोठ्या मनानं क्षमा करणारे करोत, मी त्यातला नाही.

परवा आंजीला गेलो. दिवाकरच्या खोलीतला कॉम्प्युटर आई रोज पुसते. मी तो सुरू केला, आधी ती ओळ खोडली आणि मग साहेबांचं कॅलेंडर काढून टाकलं. एकेक करून बाकीचे प्रोग्राम उघडले.

"काय काढलं रे बाबू?" आईनं विचारलं.

"साहेबाले काढलं."

"आन् दिवाकरचं?"

मी खुर्ची सरकवून तिला पडद्यासमोर बसवलं. "याचं सगळं हाये, आई. वाच."