मायक्रोब्लॉगिंग आणि आमचा कोश विभाग

आमच्या कोशाचा एक खंड निघायला तीन-तीन वर्षं लागतात. किस्से मात्र रोज निघतात, आणि त्यांतल्या बहुतेकांत मीच असतो.

संगणकाच्या शब्दांपैकी 'मायक्रोब्लॉगिंग' माझ्या वाट्याला आला. मी मन लावून दीड पान अर्थ लिहिला. संपादिका कांबळे मॅडमनी तो शांतपणे वाचला.

"पानसे, यात मायक्रो काय आहे?"

मग त्यांनी सगळं खोडून एकच ओळ ठेवली : 'मोजक्या अक्षरांत लिहून ते लगेच ऑनलाइन सर्वांपुढे मांडणं.' ती ओळही त्यांचीच होती.

•

"वापरल्याशिवाय कळणार नाही, सर," म्हणत टायपिंग करणाऱ्या अंकिताने मला अकाउंट काढून दिलं. आठवड्यात चार फॉलोअर झाले. डबा खाताना मी ही बातमी सगळ्यांना दिली. अंकिताने यादी पाहिली.

"एक मी, एक आपलं ऑफिस. तिसरा गाद्या विकतो."

"आणि चौथा?"

"चौथे तुम्हीच, सर. चुकून दुसरं अकाउंट काढलंय तुम्ही."

•

बिबवेवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी खड्डा पडला. मी तावातावाने लिहिलं, 'खड्ड्याची दुरूस्ती कधी होणार?'

दहा मिनिटांत वारज्याच्या कुणा गृहस्थांचं उत्तर : 'आधी "दुरूस्ती" दुरुस्त करा. रु ऱ्हस्व.'

सत्तावीस वर्षं मी मुद्रितं तपासतोय. कान लाल झाले. खड्डा अजून आहे. पोस्ट तेवढी सुधारली.

•

मॅडम निवृत्त झाल्या त्या दिवशी मात्र मला खरंच मनापासून लिहायचं होतं. मला काम त्यांनीच शिकवलं. पण मजकूर मर्यादेत बसेना, म्हणून दोन तुकडे केले.

पहिला असा संपत होता : 'कांबळे मॅडम आज निवृत्त होत आहेत. त्यांच्या जाण्याने आम्हा सर्वांना आनंद'

दुसरा असा सुरू होत होता : 'व्हावा, असं त्यांनी कधीच काही केलं नाही.'

पहिला पाठवला आणि तेवढ्यात मला हार आणायला पिटाळलं. परत आलो तर मॅडम मोबाइल हातात घेऊन बसलेल्या.

"मॅडम, ते वाक्य अर्धं राहिलंय हो."

"माहीत आहे. खाली माझं उत्तर बघा."

मी हार टेबलावर ठेवून मोबाइल उघडला. एकच शब्द होता.

'मलाही.'