नळाच्या दिवशी पाहुणे

आमच्या तालुक्याच्या गावात आज कोणता वार, हे कोणी फारसं विचारत नाही. आज नळ कोणाचे, हे विचारतात. धरणातलं पाणी गावाबाहेरच्या फिल्टर प्लांटवर येतं, तिथं तुरटीनं त्याचा गाळ बसवतात, वाळूतून गाळतात, ब्लिचिंग टाकतात, मग ते उंच टाकीत चढतं आणि एकेका वॉर्डाला पाळीनं सुटतं. आमची पाळी आठव्या दिवशी सकाळी. मधले दिवस आम्ही निळ्या ड्रमांवर काढतो. मला त्यात कधी काही कमी वाटलं नव्हतं, माझ्या लग्नाचं बघायला लागेपर्यंत.

इंझोरीकडून पहिले पाहुणे घर पाहायला आले. चहा घेता घेता मुलीच्या वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "नळ किती दिवसानं येते?" आमचे बाबा खरं बोलून मोकळे झाले. पाहुण्यांनी कप खाली ठेवला. "आमची पोट्टी विहिरीच्या पान्यात वाढली, भाऊ," म्हणाले आणि उठले. मुलगा काय करतो हेसुद्धा विचारलं नाही. मी कृषी केंद्रात बसतो, फवारणीची सगळी औषधं मला तोंडपाठ आहेत, ते सगळं पाण्यात गेलं.

म्हणून दुसऱ्या स्थळाच्या वेळी आई आधीपासूनच सावध होती. हे गाव शेलूबाजारला जीप बदलून जायचं, तेही आमच्यासारखंच तालुक्याचं. आम्ही आधी तिकडं जाऊन आलो. काय त्या घरी पाणी! मोरीतला नळ आम्ही बसलो तेवढा वेळ धो धो चालू. मुलीची आई धुतलेले कप पुन्हा धूत होती. ओसरीत चादर टाकलेली एक उंच बैठक होती, बाबा तिच्यावर टेकायला गेले तर घरातली तिन्ही माणसं एकदम ओरडली, "तिथी नका बसू!" बाबा बिचारे खुर्चीवर अंग चोरून बसले. असेल देवाची जागा, असं आईनं परतताना त्यांना समजावलं.

मुलगी मला फार आवडली. आम्हाला दोघांना बोलायला अंगणात पाठवलं, तेव्हा पगार, शेती, व्यसन यातलं काही न विचारता तिनं विचारलं, "तुमच्या घरी आंगोळीले पयला नंबर कोनाचा?" मी म्हटलं, "जो आधी बादली पकडंन त्याचा." ती एवढी हसली की मी तिथंच संपलो. जीपमध्ये मला एकच काळजी. एवढ्या पाण्यातली मुलगी आमच्या ड्रमांत येईल कशाला?

"येईन," आई म्हणाली. "ड्रम दिसले तं नाई येनार. म्हनून ड्रमच दिसू द्याचे नाई."

बेत असा ठरला. पाहुण्यांना बोलवायचं ते आमच्या नळाच्या दिवशी. आल्या आल्या नळ सोडून द्यायचा, जणू आमच्याकडं तो बारा महिने वाहतो. बाबांनी फोनवर रविवार टाळायला इतक्या सबबी सांगितल्या की शेवटी पाहुणेच म्हणाले, तुम्ही म्हणाल तो दिवस. ड्रम शेजारच्या चाचीकडं हलवले. चाचा पत्र्याच्या पेट्या बनवतात, त्यांच्या अंगणात कोऱ्या पेट्यांची रांगच असते, त्यात आमचे ड्रम खपून गेले. आमच्या फरशीवर ड्रमांचे गोल डाग उरले होते, त्यांवर खुर्च्या मांडल्या. चाची भिंतीवरून म्हणाली, "बेटा, घर कितना बडा निकला रे तुम्हारा!" खरंच, मला माझं घर पहिल्यांदाच पूर्ण दिसत होतं.

आणि मग आईनं ते केलं जे आमच्या गावातली प्रत्येक बाई नळाच्या दिवशी करते. नवं पाणी येणार म्हणून शिळं सगळं ओतून दिलं. घागरी चिंचेनं घासल्या, माठ उपडा घातला, उरलेलं पाणी तुळशीला. घर असं चकाचक झालं आणि त्यात पाण्याचा थेंब नाही.

नळाची वेळ झाली. नळ आला नाही.

बाबा चौकात जाऊन बातमी घेऊन आले. फिल्टर प्लांटवर लाइन नाही, वीज येऊन टाकी भरली की सोडतील. आईच्या तोंडचं पाणी पळालं, म्हणजे घरात होतं नव्हतं तेही गेलं. चाचीनंही आपले माठ घासूनच ठेवले होते. तिच्याकडं तांब्याभर निघालं, त्याचा चहा करायचा असं ठरतंय तोच दारात जीप थांबली.

आमच्याकडं पाहुणा आला की आधी पाणी. आईनं आधी ताक दिलं. मग मी धावत जाऊन आणलेला उसाचा रस दिला. मग चहा. पाहुणे घटाघट पीत होते आणि गोड पिऊन पिऊन त्यांना आणखी तहान लागत होती. मुलगीही बरोबर आली होती, ती समोरच्या खुर्चीवर बसली होती, बरोबर ड्रमाच्या डागावर. मुलीचे वडील दोनदा काहीतरी बोलायला गेले आणि दोन्ही वेळा आईनं त्यांच्यापुढं चिवडा सरकवला. तिखट चिवडा! मी डोळ्यांनी आईला थांब म्हणत होतो, पण ती आता कोणाची राहिली नव्हती.

शेवटी मुलीची आई उठली. "मोरी कुठी? हात धुतो मी." आम्ही तिघंही एकदम उठलो आणि एकदमच बसलो. ती आत गेली. नळ फिरवल्याचा आवाज आला आणि मागून लांबलचक फुस्सऽऽ. संपलं, मी मनात म्हटलं, हेही स्थळ गेलं. पण त्या बाई बाहेर आल्या त्या पदराला कोरडे हात पुसत. "झाले धुऊन," म्हणाल्या आणि जागेवर बसल्या. मला काही कळेना.

तेवढ्यात भिंतीपलीकडून चाचीची आरोळी आली, "पानी आ गया रेऽऽ! नल आये!"

आता आम्ही उठणार हे ठीक होतं. आमच्याआधी पाहुणे उठले! मुलीच्या आईनं उभ्याउभ्याच पदर कमरेला खोचला आणि आमच्या आईला, आमच्याच घरात, हुकूम सोडला, "ताई, पयलं पानी जाऊ द्या, गढूळ येते! फडकं बांधा नळाले!" मुलीचे वडील चप्पल न घालता मागच्या दारानं पळाले. "टिल्लू कुठी आहे तुमचा?" टिल्लू म्हणजे नळातून पाणी ओढायची छोटी मोटर, जी कोणाच्याच घरी नसते आणि सगळ्यांच्या घरी असते. बाबांनी इमानदारीत पोत्याखालून काढून दिली.

"ड्रम कुठी आहेत?" मुलीनं मला विचारलं.

मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि बोट भिंतीकडं गेलं. ती माझ्याआधी भिंतीशी. चाची पलीकडून पेटीवर चढून एकेक ड्रम वर ढकलत होती, ही अलीकडून झेलत होती आणि मी मधे नुसता हात वर करून उभा होतो. घरात घागरीवर घागर. आई आणि मुलीची आई अशा जोडीनं भरत होत्या की वाटावं दोघी एकाच माहेरच्या. मुलीच्या आईनं ओंजळ नाकाशी नेली. "ब्लिचिंग बरोबर पडलं आज. आमच्याकडं तं नळ आला की..." आणि जीभ चावली.

बाबा हातात पाइप धरून मुलीच्या वडिलांकडं पाहू लागले.

"भाऊ," बाबा म्हणाले, "तुमच्या ओसरीत थे उंच बैठक कायची होती?"

वडिलांनी मान खाली घातली. "ड्रम होते. वरतं गादी टाकली होती. तुमी बसले असते तं झाकन आत गेलं असतं."

"अन् थो नळ?"

"तुमी आले त्या दिवशी आमची पाळी होती," मुलीची आई म्हणाली. "मुद्दाम तोच दिवस सांगितला तुमाले. माह्या जिवाले घोर होता, पाव्हने एखांद दिवस उशिरा आले तं?"

आई आधी गंभीर होती. मग तिला हसू फुटलं ते असं की ती भरल्या घागरीला धरून खाली बसली. पलीकडून चाचीही हसत होती, तिला कशाला हसतो आहोत हेही माहीत नव्हतं. मला तर नाचावंसं वाटत होतं आणि हातात ड्रम होता, म्हणून ड्रम घेऊनच मी गोल फिरलो.

मुलगी पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबून ड्रमात धार सोडत होती. भिजलेली होती नखशिखांत. माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "तुमच्याकडं कितव्या दिवशी येते? खरं सांगा आता."

"आठव्या."

तिनं अंगठा काढला. पाणी माझ्या नव्या शर्टावर आलं, पण त्यात तिचं लक्ष नव्हतं.

"आई!" ती घरभर ऐकू जाईल अशी ओरडली. "इथी आठव्याच दिवशी येते वं! आपल्याकडं बाराव्या!"

तिची आई कमरेवर घागर घेऊन दारात आली. एकदा त्या भरलेल्या ड्रमांकडं, एकदा माझ्या ओल्या शर्टाकडं बघितलं आणि मग माझ्या आईकडं वळली.

"मंग ताई, आता कायले उशीर करता? मुहूर्त गुरुजी पाह्यतीन. तुमी नळाची पाळी पाहा."

आई तिथंच ओल्या फरशीवर बसून बोटांवर पुढच्या पाळ्या मोजू लागली.