छकड्यापायी गेलेले चार महिने

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. बायको पहिल्या बाळंतपणाला खर्ड्याला माहेरी गेली होती. माघात मुलगी झाली. बारशाला गेलो आणि जेवायच्या पंगतीत मेहुण्यांसमोर बोलून बसलो, "वैशाखात न्यायला येतो. नव्या छकड्यात बसवून नेणार." कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

छकडा म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी. आमच्याकडे होती ती शेणखत वाहायची जड गाडी. तिच्यात बायकोला आणायचं मला कमीपणाचं वाटायचं.

गावच्या सुतारमामाला मी दिवाळीतच सांगून ठेवलं होतं. चैत्रात बघायला गेलो, तर बाभळीचे ओंडके नुसते सावलीत पडलेले.

"मामा, हे काय?"

"वाळतंय. वलं लाकूड घातलं तर खर्डा यायच्या आधीच चाक पाय पसरंल."

वैशाखात त्याच्या दारात औतांची रांग लागली. नांगर, कुळव, पाभरी. सुतार गावाकडून वर्षाचं धान्य घ्यायचा, ते या दुरुस्तीसाठी. पेरणीच्या तोंडावर ती कामं आधी, आणि छकडा त्यात बसत नाही. म्हणून माझा नंबर शेवटी. मी रोज तिथं जाऊन डोकं खायचो.

"मामा, बायकू वाट बघतीया."

"माझीबी बघती, भाकरी वाढून. तू उठशील तवा जेवीन."

औतं घेऊन आलेली माणसं खदाखदा हसली.

पेरण्या झाल्या. चाकं तयार झाली, आरे असे गुळगुळीत की हात फिरवत बसावं. राहिली फक्त धाव, म्हणजे चाकावर चढवायची लोखंडी पट्टी. आणि लोखंड सगळं लढाईला गेलेलं. नगरला दोनदा जाऊन आलो. दुकानदार म्हणायचा, "पुढच्या आठवड्यात बघा." घरी यायचो आणि बैलांवर खेकसायचो, आईवर खेकसायचो.

आई म्हणाली, "पायी जा की. तुझ्या बापानं मला पायीच आनली. मी काय रस्त्यात झिजले?"

"सांगून बसलोय मी."

"मग बस."

सासरचं माणूस न्यायला आल्याशिवाय आमच्यात बाळंतीण माहेर सोडत नाही. म्हणजे मी बसलो तशी तीही बसली. तिला तिथं बायका काय बोलत असतील, हे माझ्या मनात आलंच नाही. मला चाकं दिसत होती.

भादव्यात धाकटा मेहुणा बाजाराला आला होता, तो घरी डोकावला. पाणी प्याला आणि म्हणाला, "दाजी, अक्कानं निरोप दिलाय."

"काय?"

"पोरगी रांगाया लागली."

एवढंच. मी तसाच निघालो. पाच कोस, सगळा चिखल. पोचलो तेव्हा मुलगी ओसरीवर रांगत होती. उचलली तर अशी किंचाळली की शेजारची माणसं धावत आली. बायको चुलीपुढून उठली नाही. "परका मानूस दिसला की रडती ती," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघालो. मुलगी माझ्या खांद्यावर झोपली. अर्ध्या वाटेवर ओढा लागला, तिथं बायको थांबली.

"छकडा कुठं हाय?"

"सुताराच्या दारात. धाव न्हाई."

"मी कवा चाकं मागितली हुती?"

मी पाण्याकडे बघत उभा राहिलो. मग तीच म्हणाली, "अवो, बघत काय बसलाय? लुगडं भिजतंय, हात द्या."

धाव मिळाली दिवाळीनंतर. गोवऱ्यांच्या जाळात लालभडक करून चढवली, वर पाणी ओतलं, सगळं गाव बघायला होतं. छकडा झकास झाला. त्यात बसून ती जत्रेला गेली, पुढे लेकीला सासरी पोचवायला गेली. त्या चार महिन्यांचा विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही. मीही विसरलो होतो.

ती गेली त्याला हा दुसरा उन्हाळा. आता ते महिने रोज आठवतात. सुताराला मी तेव्हा लई शिव्या दिल्या. त्याचा काय दोष? ती पाच कोसांवर होती, धडधाकट, आणि मी चाकांची वाट बघत बसलो.