कोऱ्या मशीनवर आलेली जपानी ओळ

भुताखेताच्या गप्पा मारणाऱ्यांची तोंडावर टिंगल करणारा माणूस आहे मी. खामगावात सतरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. "मशीन झपाटलंय" म्हणत येणाऱ्यांच्या पीसीतून आजवर फक्त धूळ आणि झुरळं काढली. तरीही हे लिहितोय...

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. पिंपळगाव राजा, भर दुपार. प्रज्ञा ही नर्सिंग झालेली मुलगी. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची सेवा करायच्या नोकरीसाठी दीड वर्षं भाषा शिकत होती. दोन वाजता ऑनलाइन इंटरव्ह्यू, त्यात जपानी टाइप करून दाखवायचं, आणि आदल्याच दिवशी तिच्या जुन्या पीसीने मान टाकली. म्हणून नवी डिस्क आणि लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम घेऊन मी गेलो. आई लग्नासाठी हिवरा आश्रम या गावी गेलेली. वडील लकव्याने आठ महिने खाटेवर, वाचा पूर्ण गेलेली. त्यांची टिनाची खोली अंगणापलीकडे.

घाई होती. बोर्डावर दोनच सॉकेट. एक पीसीला लागलं, दुसऱ्यातून कसलीशी वायर खिडकीबाहेर गेली होती. ती पिन उपटून मी मॉनिटरची लावली. प्रज्ञा आत चहा ठेवत होती, तिला विचारलंसुद्धा नाही.

तासाभरात लिनक्स चढलं. जपानी अक्षरांच्या जागी आधी नुसत्या रिकाम्या चौकटी दिसत होत्या. हॉटस्पॉटवरून फॉन्ट आणि जपानी टायपिंगचं पॅकेज टाकलं, तेव्हा अक्षरं उमटली. यात उच्चार इंग्रजी अक्षरांत टाइप केला की खाली जपानी शब्द सुचवले जातात. आपण पूर्वी लिहिलेलंही त्यात येतं. पण इथे पूर्वीचं काही नव्हतंच, डिस्क कोरी होती.

प्रज्ञा नाव टाइप करायला बसली. पहिलंच अक्षर दाबलं आणि थांबली.

"भाऊ, हे काय येऊन राह्यलं? म्या तं असं काई लिहिलंच नाही."

"काय हाय ते?"

"गरम होतंय. पाणी."

"डिक्शनरीतलं असन," मी म्हणालो. हिस्टरी पुसली, नेट तोडलं. तिने दुसरं अक्षर दाबलं — तीच ओळ, सगळ्यात वर. माझं डोकं सणकलं. तिला उठवून मी स्वतः बसलो, मशीन रीस्टार्ट केलं. इंटरव्ह्यूला वीस मिनिटं उरली होती. मी एक बटण दाबलं आणि ओळ आली... आता आधीपेक्षा लांब. मला ती वाचता येत नव्हती.

"वाच."

"गरम होतंय. पाणी. त्या माणसानं..." ती अडखळली. "त्या माणसानं बंद केलं. काय बंद केलं, भाऊ? कोन माणूस?"

सॉकेटखाली पडलेल्या त्या पिनकडे पाहिलं आणि मी अंगणातून धावत सुटलो.

त्या वायरवर चालणारा त्यांच्या खोलीतला कूलर बंद होता. वर तापलेलं टिन. बाबांचं अंग तव्यासारखं झालेलं, ओठ फुटलेले, नजर दाराकडे. प्रज्ञाने त्यांना ओल्या चादरीत गुंडाळलं, मी गाडी काढली. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर हाती काही लागलं नसतं.

इंटरव्ह्यू बुडाला. पुढच्या आठवड्यात पुन्हा झाला, त्यात ती पास झाली. मशीन मी घरी आणून फाइल अन् फाइल तपासली. ती ओळ कुठेच नव्हती, पुन्हा आलीही नाही. बाबांना सहीपुरतं मराठी येतं. प्रज्ञा रोज संध्याकाळी त्यांच्या खाटेजवळ बसून जपानी धडे मोठ्याने म्हणायची, तेवढाच त्यांचा त्या भाषेशी संबंध. ऐकून ऐकून कळायला लागलं असेलही. पण ते माझ्या स्क्रीनवर कसं आलं? आणि पिन मी काढली हे त्यांना कसं कळलं — त्यांनी तर मला तोवर पाहिलंही नव्हतं.

"पिन ढिली होऊन निंघाली असन," असं दवाखान्यात प्रज्ञा आपणच म्हणाली. मी ‘हो’ म्हणून मान हलवली. त्या मान हलवण्याची मला आजही शरम वाटते. ‘त्या माणसा’बद्दल तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

आता ती जपानात आहे. जाताना म्हणाली, "आईले एकटीले झेपत नाही. अधूनमधून येत जाजा, भाऊ. तुमी धावले म्हणून बाबा वाचले."

मी दर रविवारी जातो. खोलीत पाऊल टाकलं की बाबा डोळे मिटून घेतात. मी निघेपर्यंत उघडत नाहीत.