माळ्यावरचा निळा रोबो

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाद नको. माझ्या घरात अडीच फूट उंचीचा प्लास्टिकचा रोबो आहे, तो मी स्वतःच्या हातांनी जोडला आहे आणि मी सेहेचाळीस वर्षांची आहे. ज्यांना या तीन गोष्टी एकत्र पचत नाहीत त्यांनी खुशाल दुसरं काही वाचावं.

परळच्या एका लॅबमध्ये मी दातांच्या कवळ्या बनवते. डॉक्टर माप पाठवतात, आम्ही साचा काढतो, दात बसवतो, घासतो, चकाकी आणतो. पंचवीस वर्षं हेच चाललंय. या कामात एक शिस्त हाडीमाशी मुरते: जोड दिसू द्यायचा नाही आणि सुटू तर मुळीच द्यायचा नाही. लग्नाच्या पंगतीत कुणाची कवळी सुटली तर शिव्या आम्हाला बसतात. याच शिस्तीने पुढे मला तोंडघशी पाडलं.

छोटे रोबो मी आधी केले होते. पहिला दादरला एका दुकानाच्या काचेत दिसला, वीतभर उंचीचा. खोक्यात सुट्या भागांचं किट येतं. प्लास्टिकच्या फ्रेमला चिकटलेले भाग कटरने सोडवायचे, कापल्याची खूण घासायची, एकात एक बसवायचे. दिवसभर मी दुसऱ्यांच्या जबड्यांच्या मापाने काम करते. हे काम कुणाच्याच मापाचं नव्हतं. मला ते आवडलं, आणि त्याला आणखी कारण लागत नाही.

मग मोठा आणला. खोका एवढा होता की वरळीला आमच्या बीडीडी चाळीच्या जिन्यात तो दोघांनी धरून वर चढवावा लागला. शेजारीण दारात उभीच होती.

"वॉशिंग मशीन का गं?"

"रोबो आहे."

"भांडी घासतो?"

"नाही."

"मग कशाला?"

या प्रश्नाला आमच्या चाळीत उत्तर नसतं. एकशे साठ फुटांच्या खोलीत प्रत्येक वस्तूला काम लागतं. नुसतं असायची परवानगी तिथे माणसालाही मिळत नाही.

जागेची अडचण मात्र नव्हती, कारण आमच्या खोलीला पोटमाळा होता. बाबा मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडल्यावर त्यांनी भंगारात निघालेलं सागवान आणलं आणि चार खांबांवर माळा उभा केला. पुढे धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा माळ्याला समोरून फळ्या बसवून त्याची बंद खोली केली आणि शिडीवरून आत शिरायला दीड फुटाचं तोंड ठेवलं. एवढ्याशा जागेत नव्या जोडप्याला आडोसा द्यायचा तर दुसरा उपाय नव्हता. चाळीतल्या अर्ध्या संसारांची सुरुवात अशीच माळ्यावर झाली आहे. नंतर भाऊ कल्याणला राहायला गेला, बाबा गेले, आणि खोलीत आई आणि मी उरलो. माळा माझा झाला. तिथे उभं राहता येत नाही, बसता येतं. माझं काम बसूनच असतं.

दोन वर्षांचे रविवार मी तिथे घालवले. आता त्या किटबद्दल स्पष्टच बोलते, कारण मोठ्या किटांबद्दल लोक काहीही सांगत सुटतात. लहान रोबोचे भाग फुगवले म्हणजे मोठा रोबो होत नाही. याच्या मांड्या आतून पोकळ होत्या. पोटरीवर वरपासून खालपर्यंत जोडाची रेघ होती. प्लास्टिक नव्या बादलीसारखं चकचकीत. बोटं सुरेख होती, एकेक पेर वेगळं वळायचं, पण हातात तलवार दिली की मनगट मान टाकायचं. आणि कंबर तर विचारूच नका. वर धड चढवलं की तो हळूहळू पुढे वाकायचा, साहेबाच्या केबिनमध्ये उभा असल्यासारखा. बाकी सगळं मी माफ केलं असतं. वाकणं माफ केलं नाही.

लॅबमधली पोलादी तार आणून मी त्याच्या कंबरेत, मांड्यांत आणि खांद्यांत घातली आणि वर कवळीचं अ‍ॅक्रिलिक भरून सगळे सांधे कायमचे बंद केले. पोटरीची रेघ गोंदाने वितळवून, पॉलिश पेपरने घासून नाहीशी केली. मग रंग. पुस्तिकेत, ज्या जपानी कार्टून मालिकेतला तो रोबो आहे तिच्याप्रमाणे, पांढरा, लाल, पिवळा असा सांगितला होता. मी निळा दिला, जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या चाळीतून निघणाऱ्या झेंड्याचा निळा. खांद्यांतून पाठीमागे निघणारे पंखसुद्धा निळे.

दादरला महिन्यातून एकदा आमच्यासारखे काही जण जमतात, एकमेकांची कामं बघतात आणि चुका काढतात. तिथल्या एका जाणत्या गृहस्थाने माझ्या मोबाइलवर फोटो पाहिला.

"हा निळा कुठल्या मालिकेतला?"

"वरळीतला."

"आणि सांधे बंद केलेत? मॅडम, किट हे काढता-घालता येण्यासाठी असतं. चिकटवून टाकलेलं किट म्हणजे पुतळा."

"पुतळा तर पुतळा," मी म्हटलं. "ताठ उभा आहे ना?"

पुढच्या वेळी प्रत्यक्ष घेऊन या, मग बघू, असं ते म्हणाले. पुढची वेळ यायच्या आत पुनर्विकासासाठी चाळ रिकामी करायची तारीख आली.

आम्हाला नव्या टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर घर मिळालं होतं. शनिवारी दुपारी चारच्या आत जुन्या खोलीची चावी द्यायची होती. आठवडाभर आईचं एकच पालुपद चाललं होतं: "माळा सोबत न्यायचा." भावाने आणि मी तिला उडवून लावलं. नव्या इमारतीत माळा घालायला परवानगी नाही, तसं आमच्याकडून कागदावर लिहून घेतलं होतं. मी तर म्हटलं, "आई, भंगारातलं लाकूड ते. कुठे घालणारेस?" तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पितळेचे डबे गोधडीत गुंडाळायला लागली.

शनिवारी भाऊ टेम्पो घेऊन आला. दुपारपर्यंत सगळं सामान खाली गेलं. उरली हत्यारांची पिशवी, आणि रोबो. मी त्याला आडवा करून माळ्याच्या तोंडाशी आणला आणि तो अडकला. उभा करून पाहिला, तिरका करून पाहिला, डोकं आधी घातलं, पाय आधी घातले. दीड फुटाचं तोंड आणि दोन फुटांचे पंख. मापावर पोट भरणारी मी, पण एकदाही तिथे टेप लावली नव्हती. चाळीत माळ्यावर गेलेली वस्तू माळ्यावरच राहते, ती खाली आणायचा विचार कोण करतं? एकेक सुटा भाग त्याच तोंडातून वर नेला होता, तेवढंच माझ्या डोक्यात होतं.

"खांदा तोड ना, ताई," भाऊ खालून म्हणाला. "नंतर चिकटव परत."

"आत तार आहे. तुटला की गेला."

"मग राहू दे इथेच. खेळणं आहे ते यार. टेम्पोवाला खाली बोंबलतोय."

माझे दोन वर्षांचे रविवार त्याने एका शब्दात गुंडाळले. त्या खोलीत मी जन्मापासून जे जे केलं ते कुणाच्या तरी उपयोगाचं होतं. पाणी भरलं, भावाचा अभ्यास घेतला, बाबांचं शेवटचं दुखणं काढलं. मला हवा म्हणून केलेला हा एकटाच होता. पाडायच्या इमारतीत त्याला टाकून मी जाणार नव्हते.

"करवत आण," मी म्हटलं. "पुढच्या फळ्या कापू. नाहीतरी सगळं पाडणारच आहेत."

भावाने शेजाऱ्यांकडून करवत आणली. पण तोवर आई शिडीला पाठ लावून उभी राहिली होती.

"करवत खाली ठेव."

"आई, पाडणारेत गं ही बिल्डिंग," भाऊ म्हणाला.

"त्यांना पाडू दे. आपण नाही कापायचं."

चार वाजायला जेमतेम दीड तास होता. मला संताप आवरेना. "तुला या फळ्यांचं एवढं काय आहे?" मी वरून ओरडले.

"तुला त्या बाहुल्याचं जेवढं आहे तेवढंच," आई म्हणाली.

आठवडाभर मी तिच्या माळ्याला भंगार म्हणत होते, आणि माझ्या रोबोला कुणी खेळणं म्हटलं की त्याच्यावर दात-ओठ खात होते. मला स्वतःची लाज वाटली. लाज वाटली की माझा राग आणखी चढतो, स्वभावच तसा आहे. मी भावाला करवत वर द्यायला सांगितली आणि ती रोबोच्या उजव्या खांद्यावर टेकवली. कापायचंच असेल तर माझं कापू, तिचं नको. दोन ओढी मारल्या असतील, तोच गुडघ्यावर निळा भुसा पडला. माझे डोळे भरून आले. कुणी पाहिलं नाही, पण आले हे खरं.

खालून आईचा आवाज आला. "हातोडी कुठे बांधलीस?"

भावाने पिशवी उलटी करून हातोडी काढली. बाहत्तर वर्षांची आई शिडीच्या तीन पायऱ्या चढली, फळ्यांच्या खालच्या कोपऱ्यात बोटांनी चाचपलं आणि खालून वर दोन ठोके घातले. बोटाएवढी, काळी पडलेली एक पाचर बाहेर आली. मग दुसऱ्या कोपऱ्यातली. पुढची फळी खाचेतून अलगद वर सरकली, जुन्या दुकानांच्या फळ्या सरकतात तशी. अख्ख्या माळ्यात एकही खिळा नव्हता. इतकी वर्षं मी त्याच्यावर बसले आणि मला हे ठाऊक नव्हतं.

"घालताना दुसरं टोक मी धरलं होतं," आई म्हणाली. "हे म्हणायचे, खोली सरकारची, लाकूड आपलं. उठा म्हणाले तर लाकूड घेऊन उठायचं."

एवढंच ती आठवडाभर सांगत होती. कसा न्यायचा, असं आम्ही दोघांनी एकदाही विचारलं नव्हतं.

रोबो हातात धरून मी शिडी उतरले. पुढच्या पाऊण तासात अख्खा माळा सुटा होऊन टेम्पोत चढला, आणि फळ्यांच्या वर भावाने स्वतः गोधडी अंथरून रोबोला दोरीने बांधलं. खेळणं हा शब्द त्याने पुन्हा काढला नाही. चावी चारच्या आत दिली.

नव्या घराचं छत बुटकं आहे. तरी चार खांब, आडव्या फळ्या, पाचरी, सगळं आईच्या देखरेखीखाली हॉलच्या कोपऱ्यात पुन्हा उभं राहिलं. पुढच्या फळ्या बसल्या नाहीत, त्यांचं माझं कामाचं टेबल झालं. माळ्याच्या वर तीन फूट जागा उरते. माणसाला धड बसता येत नाही, रोबो उभा राहतो. महिन्याभरात इमारतीच्या कमिटीचे दोघे आले आणि माळ्याला परवानगी नाही म्हणाले. आईने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "भिंतीत कुठे खिळा दिसला तर सांगा, आत्ता काढते." त्यांनी खरंच शोधला. परत येतो म्हणून गेले आहेत. येऊ देत.

ते गेल्यावर आईने पहिल्यांदा रोबोकडे नीट पाहिलं. स्टुलावर चढून कंबर हलवून पाहिली, खांद्यावरच्या करवतीच्या खुणेवरून बोट फिरवलं.

"ताठ आहे," ती म्हणाली. "पण सुटत नाही. तुझ्या बाबांनी नापास केला असता."

दादरच्या गृहस्थांशी मी भांडले होते. आईचं मात्र ऐकलं. पुढचे चार रविवार मी माझ्या हातांनी बंद केलेले सांधे पोखरून काढले आणि त्यात सागवानाच्या बारीक पाचरी घासून बसवल्या, खांद्यांत दोन, कंबरेत एक. तो आजही वाकत नाही. दादरला नेला तेव्हा सगळ्यांनी पाचरी काढून-घालून पाहिल्या आणि एकच खोट काढली, खांद्यावरची करवतीची खूण बुजवा म्हणाले. मी बुजवणार नाही.

हातोडी आता मी पिशवीत बांधून ठेवत नाही. ती माळ्यावर असते, रोबोच्या पायाशी.