मोसंबीचा रस आणि माझं पोटॅशियम

पोळा होऊन चार दिवस झाले होते. मंगळवारी सकाळी नवीन जालन्यातल्या किडनीच्या डॉक्टरांची सहाशे रुपये फी भरून आम्ही तिघं त्यांच्यासमोर बसलो: मी, माझी पत्नी सुनंदा आणि पिंपळगाव रेणुकाईहून मुद्दाम आलेले माझे थोरले भाऊ नामदेवदादा. डॉक्टरांनी रिपोर्टवर पेन टेकवलं.

"क्रिएटिनिन चार पूर्णांक दोन आहे. किडन्यांचं काम साधारण पंधरा टक्क्यांवर आलंय. आजच ॲडमिट व्हा."

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या रोजच्या कामातून रक्तात येणारा कचरा. तो लघवीवाटे बाहेर टाकणं हे किडनीचं काम. तो रक्तात साचू लागला की समजायचं, किडनी मागे पडली.

लक्षणं म्हणाल तर फार नव्हती. संध्याकाळी बदनापूरला घरी परतलो की पायांवर मोज्यांचे वळ उठायचे आणि जेवण नकोसं व्हायचं. दिवसभर ऑफिसात बसून पाय सुजतात, असं मी धरून चाललो होतो. मला बीपी बऱ्याच वर्षांपासून आहे. त्यानंच किडनी झिजली, असं डॉक्टरांचं मत पडलं. तुम्हालाही बीपी असेल तर क्रिएटिनिनची तपासणी कधी करायची, हे आजच डॉक्टरांना विचारून घ्या.

ॲडमिट झालो तेव्हा पोटॅशियम पाच पूर्णांक चार होतं. पोटॅशियम हा हृदयाचे ठोके नीट ठेवणारा क्षार. पण किडनी थकली की तो रक्तात वाढत जातो आणि त्याच ठोक्यांवर उठतो. डॉक्टरांनी बजावलं, "केळी नको, नारळपाणी नको, बाकीची फळंही मला विचारल्याशिवाय नको, पाणी मोजून प्यायचं." सुनंदानं ते तंतोतंत पाळलं. पाण्याची बाटली तिनं स्वतःच्या उशाशी ठेवली होती. जास्तीचा घोट मागितला की म्हणायची, "मागून काही मिळायचं नाही."

तिसऱ्या दिवशी पोटॅशियम सहा पूर्णांक आठ आलं. ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, तोही बिघडलेला निघाला. लगेच इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत खाली आलं नाही तर डायलिसिस करावं लागेल." डायलिसिस म्हणजे शरीराबाहेरच्या यंत्रातून रक्त गाळून परत आत सोडणं. ते यंत्र एकदा लागलं की जन्मभर सुटत नाही, अशी माझी समजूत होती. ती पूर्ण खरी नाही, हे मला पुढे कळलं. त्या दुपारी मात्र मी छताकडे बघत पडलो होतो.

"खाण्यात काय गेलं?" डॉक्टर सुनंदाला विचारत होते. अर्धी भाकरी, मुगाचं वरण, अर्धा कप चहा, असं ती सांगत असतानाच दादा स्टीलचा डबा घेऊन आत आले.

"यात काय आहे?"

"रस हाय सायेब, मोसंबीचा. घरच्या बागंतला. साखर सुदिक घातली न्हाई."

"रोज देता?"

"सकाळी एक गिलास, सांजच्याला एक. त्याच्याबिगर अंगात ताकद कशी यायची?"

"काका, फळांचं सांगितलं होतं ना मी?"

"केळी न्हाई म्हणले तुम्ही. केळी कोण दिली? बिलकुल न्हाई."

डॉक्टरांना हसू आवरेना आणि रागावताही येईना. आमच्याकडे मोसंबीला फळ कोण म्हणतं? जालन्यात माणूस आजारी पडला की मोसंबी येते. बाळंतिणीला मोसंबी, तापकऱ्याला मोसंबी. पथ्याची यादी ऐकताना ती आम्हा तिघांच्याही डोक्यात आली नाही. पाणी मोजणाऱ्या सुनंदानंही रस कधी मोजला नाही.

"काका, तुम्ही जीव लावून दिलं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "पण मोसंबीत पोटॅशियम भरपूर असतं. ह्यांच्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही."

दादांनी डब्याचं झाकण घट्ट केलं आणि ते डबा घेऊन निघून गेले.

संध्याकाळी पोटॅशियम पाच पूर्णांक नऊवर उतरलं. डायलिसिस टळलं. दादा मात्र आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. फोन वहिनी उचलायच्या. "बागंत गेलेत," म्हणायच्या.

वडील गेले तेव्हा मी नववीत होतो. ती बाग दादांनी लावली आणि तिच्यावरच माझं कॉलेज झालं. त्यांनी हातात दिलेलं मी आजवर कधी परत केलेलं नाही. रसही नको वाटत असून गटागट पीत होतो.

डिस्चार्ज मिळाल्यावर गाडी बदनापूरकडे न वळवता आम्ही सरळ पिंपळगावला नेली. दादा ओट्यावर बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्या तुला मारलंच व्हतं, बाळू."

"तुम्हाला माहीत नव्हतं दादा, मलाही नव्हतं. या ना घरी."

"काय घिऊन येऊ? तुला काहीच चालत न्हाई."

"काही नका आणू. नुसते या."

"दुखणाईताकडं रिकाम्या हातानं? लोकं काय म्हणतील?"

"पोटॅशियम लोकांचं वाढतं की माझं?"

वहिनी आतून हसल्या. दादांच्या मिशाही हलल्या.

साठी जवळ आल्यावर मला जे उमगलं ते एवढंच, की माया करणाऱ्याला आपल्याला काय सोसतं हे सांगावं लागतं, तेही वेळेवर. नको म्हटल्यानं नातं तुटत नाही. भेटायला येणाऱ्यांना पथ्य तोंडानं सांगा. केळी नको एवढ्यावर थांबू नका. तुमच्या गावात जे फळ औषध म्हणून दिलं जातं, त्याचं नाव घेऊन डॉक्टरांना विचारा.

किडन्या पूर्वीसारख्या होणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. आहेत त्या सांभाळायच्या. सुनंदा भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळते आणि ते पाणी ओतून देते, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. चव जाते. मी तक्रार करत नाही, निदान तिच्यासमोर तरी.

परवा महिन्याची तपासणी होती. दादा मोकळ्या हातांनी आले होते आणि ते हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. कधी खिशात घालायचे, कधी पाठीमागे धरायचे. रक्त देऊन मी बाहेर आलो तर ते लॅबच्या खिडकीशी उभे होते. आतल्या मुलीला त्यांनी साडेतीनशे रुपये मोजून दिले, पावती मला दिली आणि विचारलं, "हे तरी चालतं ना तुला?"